सतभामा बसली तो दिवस

सतभामा चहा उभ्यानेच पिते. एका हातात कप, दुसऱ्या हाताने माझ्या ओट्यावरच्या डब्यांची झाकणे घट्ट करणे चाललेले. दोन घोट झाले की कप खिडकीत ठेवून ती परसात जाते, वाळत घातलेली चादर उलटी करते, येताना चार लिंबे तोडून आणते आणि मग तिला कप आठवतो. तोवर चहा थंडगार. तो ती एका दमात संपवते. "अगं, दोन मिनिटं बस की," असे मी वर्षानुवर्षे म्हणत आले आहे आणि तिचे उत्तर ठरलेले आहे. "बसल्यावर मुंग्या येत्यात, बाई. मेल्यावर निवांतच हाय."

ईरा आणि ओम, तुम्ही तिला पाहिलेले नाही. तुम्ही परदेशातून आजीकडे येता ते नाताळच्या सुट्टीत, आणि तेव्हा ती ऊसतोडीला गेलेली असते. गेल्या रविवारी तुमच्या आईने फोनवर सांगितले की ईराच्या शाळेने एक कागद पाठवला आहे. ईरा जागेवर बसत नाही, ऐकत नाही, वस्तू हरवते. तिकडच्या कुणी ओळखीच्या बाईंनी सुचवले की मेंदूचे चित्र काढून घ्या, म्हणजे एकदा काय ते कळेल. तुमच्या आईने मला विचारले, 'तुम्हाला काय वाटते?' मला काय वाटते हे विचारायला मी योग्य माणूस नाही. या बाबतीत मी एकदा चुकले आहे, खरे म्हणजे दोनदा. म्हणून सतभामाबद्दल लिहिते.

ती आमच्या धारूरच्या शाळेत पाचवीला माझ्या वर्गात आली. मी इंग्रजी शिकवत असे आणि माझ्या शिस्तीबद्दल प्रसिद्ध होते. खडूसुद्धा मी लांबीप्रमाणे लावून ठेवत असे. ही मुलगी धडा चालू असताना उठायची, माठाकडे जायची, पाणी न पिताच परत यायची, येताना कुणाची तरी वेणी सोडायची. एकदा कंटाळून मी तिला बाकावर उभे केले. पाच मिनिटांनी वरून आवाज आला, "बाई, हितून किल्ल्याचा बुरूज दिसतोय. त्येच्यावर शेळ्या चढल्यात. सात हायत." अख्ख्या वर्गाने माना वळवल्या. तिच्यासाठी ती शिक्षा राहिलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच विचारले, "आज उभी ऱ्हाऊ का बाकावर?"

प्रगतिपुस्तकात मी लाल शाईने लिहिले: 'लक्ष नाही.' तेवढ्या लांबून सात शेळ्या मोजणाऱ्या मुलीला लक्ष नाही, हे लिहिताना मला त्यात काहीही विचित्र वाटले नाही. सातवीत दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. आईबापांबरोबर ऊस तोडायला गेली होती. वर्ग शांत झाला आणि मला बरे वाटले. बाकीचे सगळे सांगायचे, तर हेही सांगायला हवे.

पुढे खूप वर्षांनी एका सकाळी दारात सीताफळांची पाटी घेऊन एक बाई उभी राहिली. "वळखलं का, बाई? शेळ्यावाली." बालाघाटाच्या उतारावर त्यांची वस्ती आहे. पावसाळा सरला की ती सीताफळे विकते आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळीबरोबर निघून जाते. त्यांच्याकडे माणसे कोयत्यांनी मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. सतभामा आणि भीमराव हा त्यांच्या टोळीतला सगळ्यात वेगवान कोयता. शाळेत जो दोष होता, तो उसाच्या फडात गुण ठरला. "मुकादम म्हणतो, सतभामा एक मोळी बांधती तवा दुसरीच्या तोडीला लागलेली आसती," असे ती सांगायची आणि लगेच पुढे म्हणायची, "पण माझी साळंची पाटी फडातच ऱ्हायली, बाई. पोरीची न्हाई राहू द्यायची."

पोरगी म्हणजे आरती. सगळा डाव तिच्यासाठी होता. सहा महिने आईबाप बाहेर, म्हणून तिला जवळच्याच एका वसतिगृहाच्या शाळेत ठेवले होते. चौथीपर्यंत कशीबशी निभली. पण आरती ही आईची दुसरी आवृत्ती. प्रार्थनेतून निघून जायची, रात्रीच्या जेवणाची ताटे मांडायला घ्यायची आणि निम्म्यात विसरायची. एके दिवशी ती पाण्याच्या टाकीवर चढली आणि तिथून पडली. थोडा वेळ शुद्ध हरपली होती. मुख्याध्यापकांना निमित्तच मिळाले. त्यांनी सतभामाला बोलावून जे सांगितले, ते तिने माझ्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत, त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवले.

"'हे बघ, पोरीच्या डोक्याचा फोटो काढून आण. डोक्यात बिघाड निघाला, तर आमच्याकडं तसल्या पोरांची सोय नाही. बिघाड नाही निघाला, तर ही निव्वळ मस्ती आहे, आणि मस्तीखोरांना आमच्याकडं जागा नाही.' असं म्हणले बघा. बाई, हे दोन्हीकडून न्हाईच झालं की वो?"

मी ऐकले ते फक्त पहिले वाक्य. शाळेला कागद हवा आहे ना? मग कागद आणू. आयुष्यभर मी असाच विचार केला आहे. कागदावर उतरले की प्रश्न सुटतो. "तू आधी फोटो तर काढ," मी म्हणाले. माझ्या मिठाच्या बरणीचे झाकण तिने इतके घट्ट केले, की ते दोन दिवस उघडले नाही.

अंबाजोगाईला एक मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई बसायच्या. मी आधी चिठ्ठी लिहून वेळ ठरवली, फाइल केली, फायलीवर नाव घातले. डॉक्टरीणबाईंनी आरतीला बराच वेळ खेळू दिले आणि नुसते पाहिले. मग म्हणाल्या, "ही पडली होती, शुद्ध गेली होती, म्हणून एमआरआय करून घेऊ. दुखापत आहे का एवढंच बघायला. चंचलपणा, एडीएचडी म्हणतात तो, शोधायला नाही. तो ह्यात दिसत नसतो." मी मान हलवली आणि ते शेवटचे वाक्य घडी घालून बाजूला ठेवून दिले.

मशीनच्या खोलीत पोरीजवळ आईला थांबता येत होते, पण अंगावर धातू चालणार नाही. मशीन चालवणाऱ्या मुलीने एक कुलपाचा खण दाखवला. सतभामाने जोडवी काढली. साबण लावून काढावी लागली, इतकी ती बोटांत रुतली होती. मंगळसूत्राशी मात्र हात थांबला.

"खणात ठेवा, मावशी. कुलूप आहे त्याला."

"माझा नवरा कुलपात न्हाई ठिवायचा," सतभामा म्हणाली. मंगळसूत्र खाली ठेवायचे नाही, कुणाच्या तरी अंगावरच राहायला हवे, अशी त्यांच्याकडे रीत. भीमराव मजुरीला गेलेला. तिने इकडेतिकडे पाहिले आणि ते काढून सरळ माझ्या गळ्यात घातले.

मी दचकून मागे सरले. तुमचे आजोबा जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. "अगं, काय करतेस? मला कसं चालेल?"

"गळा हाय का न्हाई तुमाला? मंग झालं." आणि ती पोरीचा हात धरून आत गेलीसुद्धा.

बाहेरच्या बाकड्यावर मी अर्धा तास ते काळे मणी गळ्यात घालून बसले. समोरच्या दोन बायका माझ्या मोकळ्या कपाळाकडे आणि गळ्याकडे आळीपाळीने पाहत होत्या. पहिली पाच मिनिटे मी पदर ओढून घेतला होता. नंतर सोडून दिला.

आतून असा आवाज येत होता, की जणू कुणी पत्र्यावर हातोडे घालते आहे. मला वाटले, आरती आता पळत बाहेर येणार. पण घडले उलटेच. मशीनवाली मुलगी हसत बाहेर आली. "आजी, पोरगी गाढ झोपलीय. एवढ्या आवाजात!" झोपणारच. साखर कारखान्याच्या भोंग्याखाली आणि ट्रॅक्टरच्या धडधडीत तिचे तान्हेपण गेले होते. तिला शांतता सोसत नसे. "आईला मात्र मी चार वेळा सांगितलं, हलू नका. त्या मलाच म्हणतात, फोटो माझा काढतीस का तिचा?"

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी फिल्म दिव्यावर लावली. दुखापत नव्हती. सगळे व्यवस्थित होते. मी सुटकेचा श्वास टाकून म्हणाले, "म्हणजे तिला एडीएचडी नाही."

त्यांनी पेन खाली ठेवले. "असं मी कुठं म्हटलं? आहे. तुमच्याकडून ऐकलं, आईकडून ऐकलं, घरचा फॉर्म पाहिला, वर्गशिक्षिकेचा पाहिला, दोनदा मुलगी पाहिली. त्यावरून सांगते. ह्या फिल्मवरून नाही." मग त्यांनी सावकाश समजावले. अशा शेकडो मुलांच्या मेंदूची चित्रे एकीकडे आणि इतर शेकडो मुलांची दुसरीकडे ठेवली, तर सरासरीत थोडासा फरक दिसतो. अभ्यासकांना तो उपयोगी आहे. पण एका मुलाचे चित्र हातात घेऊन, हे या बाजूचे की त्या बाजूचे, हे कुणालाही सांगता येत नाही.

मी वहीत टिपून घेत होते. सतभामा भिंतीवरचे वाकडे कॅलेंडर सरळ करत होती. तिथूनच ती म्हणाली, "म्हंजी उताऱ्यावानी."

"कशासारखं?"

"उतारा. कारखान्यात शंबर किलो उसामागं किती साखर निघाली, त्येला उतारा म्हणत्यात. समद्या गाड्यांचा मिळून काडत्यात. ह्या गावच्या उसाचा थोडा जास्ती, त्या गावच्या उसाचा थोडा कमी. पण यकच कांडी हातात घिऊन कुनी सांगावं, ही कोनच्या गावची? न्हाई सांगता येत. कारखान्याच्या सायबालाबी न्हाई."

डॉक्टरीणबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "हेच. अगदी हेच. मला हे शिकवायला पाऊण तास लागतो." मग तिच्याकडे निरखून पाहत त्या म्हणाल्या, "हे पुष्कळदा घराण्यात चालत येतं."

"मंग माझ्याकडूनच आलं आसंल," सतभामा म्हणाली. "चला, आईचं कायतरी मिळालं पोरीला."

डॉक्टरीणबाईंनी शाळेसाठी पत्र दिले. मुलीला पुढच्या बाकावर बसवा, काम थोडे थोडे द्या, मधूनमधून उठू द्या. औषधाचे पुढे पाहू. मी पत्राच्या दोन प्रती काढल्या.

टोळी निघायच्या दिवशीच आम्ही शाळेत गेलो. व्हरांड्यात पोरांना सोडायला आलेले आईबाप पेट्या आणि वळकट्या घेऊन बसले होते. मुख्याध्यापकांनी पत्राकडे पाहिलेही नाही. फिल्म मात्र उचलून खिडकीशी धरली.

"उलटी धरली आहे तुम्ही," मी म्हणाले.

त्यांनी ती सरळ केली. खालचा अहवाल वाचला. "नॉर्मल. बघा बाई, तुम्ही एवढ्या जुन्या शिक्षिका. फोटोत काही नाही म्हणजे डोक्यात काही नाही. मस्ती आहे ही. घेऊन जा पोरीला."

मी पत्र पुढे केले. मुद्दा एक, मुद्दा दोन, असे समजावू लागले. ते म्हणाले, "फोटो काय म्हणतो तेवढं बोला." तेव्हा कुठे मला कळले, की मी त्यांच्या हातात काय नेऊन दिले होते. मला वाटले होते, आपण उत्तर आणले. आणली होती ती पोरीला हाकलायची सबब, तीही फायलीत लावून.

सतभामा दारात येरझाऱ्या घालत होती. ती थांबली. "सर, तुमच्याकडं ऊस हाय ना?"

"आहे. त्याचं काय?"

"तुमची गाडी कारखान्यात गेली. तितल्या मानसानं यक कांडी उपसून चावली आन् म्हनला, अगोड हाय, समदी गाडी म्हागारी न्या. तर न्याल का?"

"इथं उसाचा काय संबंध?"

"तुमाला उसाचाच तर समदा संबंध हाय, सर." व्हरांड्यात हशा पिकला. ती हसली नाही. "बिघाड आसला तर जागा न्हाई, बिघाड नसला तरी जागा न्हाई. मंग फोटो कावून काढाया लावला? पयल्याच दिशी सांगायचं, जागा तुमच्या मनात न्हाई म्हनून."

"हे बघ, ही शाळा आहे, बाजार नाही. पोरगी एका जागी बसत नाही, हे तरी खरं का नाही?"

"खरं हाय."

"मग झालं तर."

आणि सतभामा खाली बसली. ऑफिसच्या उंबऱ्यात, मांडी घालून. मला क्षणभर वाटले, तिला चक्कर आली. तिला बसलेले मी तोवर कधी पाहिलेच नव्हते.

"बसता येत न्हाई म्हनून मला पाचवीत बाकावर उभी केली," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिले नाही, त्यांच्याकडेच पाहत होती. "बसता येत न्हाई म्हनून पोरीला हाकलताय. आता बगा बसता येतंय का न्हाई."

सर ओशाळवाणे हसले आणि रजिस्टर उघडून बसले. मी माझी पिशवी भिंतीशी ठेवली आणि तिच्याशेजारी फरशीवर बसले. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. पण उभे राहण्यासारखे तोंड मला नव्हते.

अकरा वाजले असतील. साडेअकराला भीमराव आला. "ऊठ की, गाडी भरून झालीय."

"भरली आसंल तर रिकामी करा."

तो आयुष्यात तिच्याशी कधी वाद घालून जिंकला नव्हता. समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन तोही बसला. एक वाजता मुकादम आला. "सतभामे, तुज्यापायी समद्यांचा खोळंबा हाय."

"माज्यापायी न्हाई. आत इचारा, कुनापायी हाय ते."

तुम्हाला वाटेल, बसणे त्यात काय मोठे. मी तिच्याशेजारी होते. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. लुगड्याखाली पायाचा अंगठा सारखा थरथरत होता. कपाळावर घाम होता. कोपऱ्यातली केरसुणी आडवी पडली होती, आणि तिचे डोळे पुन्हा पुन्हा तिकडे जात होते. ती उठली नाही. आरती मात्र व्हरांडाभर फिरत होती. लोकांच्या वळकट्या एका रेषेत लावून देत होती.

मुकादमाने ज्यांना फोन लावला, ते ट्रॅक्टरमालक मुख्याध्यापकांचे चुलतभाऊ निघाले. सतभामाचा कोयता नाही, तर तिच्या भावकीतले आणखी सहा कोयते गाडीत चढत नव्हते. थोड्या वेळाने आत सरांचा फोन वाजला. मालकांचा आवाज शेतात बोलायच्या सवयीचा, व्हरांड्यापर्यंत ऐकू आला. "गाडी उभी हाय माझी! यक पोरगी ठिवून घ्यायला तुझं काय जातंय बे?"

आतून "हो दादा, हो दादा" असे बराच वेळ चालले. मग सर दारात आले. "उठा. मुलीची पेटी आणा."

"लिहून द्या," सतभामा म्हणाली.

"काय लिहून देऊ?"

"डाक्टरीणबाईनं लिव्हलंय तसंच. पुडचा बाक, मदी मदी उठू द्यायचं. आमच्या बाईला कागद आवडतो."

त्यांनी लिहिले, शिक्का मारला. तिने तो कागद मला वाचायला लावला, दोनदा. मग टेबलावरची फिल्म उचलून गुंडाळी केली आणि काखेत मारली. उठायला गेली तर पाय चालेनात. भीमरावने एक हात धरला, मी दुसरा. "बगा," ती मला म्हणाली, "सांगत न्हवते का मी? मुंग्या आल्या."

आरती आता सातवीत आहे. आईची पाटी जिथे सुटली, त्या इयत्तेत. टाकीला जाळी बसवली आहे. गणितात ती बरी आहे, हस्ताक्षर भयंकर आहे, आणि वसतिगृहातली ताटे तिच्याखेरीज कुणी वेगाने मांडू शकत नाही, निम्म्यात विसरली नाही तर.

तो हंगाम संपवून उन्हाळ्यात सतभामा परतली, तेव्हा मी फिल्म मागितली. फायलीत लावायची होती. "ती तकडंच हाय, कोपीवर," ती म्हणाली. कोपी म्हणजे फडाशेजारी उभारतात ती पाचटाची खोप. "वाऱ्याच्या बाजूला भोक पडलंय, तितं लावली. सकाळी ऊन आलं की पोरीचं डोस्कं उजळून दिसतं. सहा म्हैने पोरगी संगं नसती. डोस्कं तरी बगते. तेवड्यापुरता कामाचा हाय तुमचा फोटो."

ईरा, डोक्याला मार, फिट असली काही शंका डॉक्टरांना आली आणि त्यांनी चित्र काढायला सांगितले, तर जरूर काढ. आवाजाला भिऊ नकोस. पण तू कोण आहेस हे ठरवायला कुणी चित्र मागितले, तर त्यांना उताऱ्याची गोष्ट सांग. तुझ्या आईलाही सांग.

दर सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंकडून आरतीचा फॉर्म येतो. आईबाप इथे नसतात तेव्हा तो मी भरते, लाल शाईने नाही. 'मूल दिलेल्या जागेवर बसून राहते का?' याच्यापुढे मी 'नाही' लिहिते. खाली विचारलेले असते, घरात आणखी कुणाला असे आहे का. तिथे या वेळी मी लिहिले: आईला. ती आयुष्यात एकदाच बसली, तेव्हा ट्रॅक्टर थांबला होता.